मदत हवी आहे: नागपूरच्या मे महिन्यात तग धरेल असा फ्रिज सुचवा

आमचा १४ वर्षांचा सिंगल डोअर यंदा थकला जी. वर बर्फाचा डोंगर अन् खाली सकाळी लावलेलं दही दुपारीच आंबट! दारात नोट अडकवून पाहिली, अलगद निघून आली. रबर गेलंच, कॉम्प्रेसरही शेवटच्या घटका मोजतोय.

काल बर्डीच्या बाजारात फिरून आलो. घरात चौघं, म्हणून २५० लिटरचा फ्रॉस्ट फ्री पाहतोय. दुकानदार नुसते स्टार मोजतो; क्लायमेट क्लास (बाहेर किती तापमान असेपर्यंत फ्रिज नीट चालेल, तो वर्ग) विचारला तर तोंडाकडे पाहत राहिला. ‘टी’ क्लास ४३ अंशांपर्यंतच, अन् आपला पारा तर ४५ ओलांडतो. त्यात स्वयंपाकघर पश्चिमेला, कूलरची हवा तिथवर पोचत नाही.

अशा घरात कोणाचा इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवाला (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा) नीट चालतोय? वेगळा स्टॅबिलायझर लावला का?