झोपेच्या वेळा वेगळ्या असणाऱ्या दोघांसाठी जुना फ्लॅट: स्वयंपाकघराची भिंत पाडू की ठेवू?

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहिते आहे, सांभाळून घ्या.

चाळीस वर्षं जुन्या इमारतीतला दोन बेडरूमचा फ्लॅट आम्ही घेतलाय. राहणार दोघंच. महिन्याभरात तोडफोड सुरू होईल आणि एका भिंतीवरून आमचं घोडं अडलंय.

आधी आमचा दिवस सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. नवऱ्याची दुपारपाळी. तो रात्री साडेबाराला घरी येतो, जेवतो, अंघोळ करतो आणि दोनला झोपतो. मी पहाटे पाचला उठते, सहापासून माझे ऑनलाइन वर्ग असतात. म्हणजे रात्री दहापासून सकाळी साडेनऊपर्यंत घरात कुणी ना कुणी झोपलेलं असतंच. सध्याच्या घरात बाथरूमचा दिवा लागला की दाराखालच्या फटीतून उजेडाची पट्टी थेट माझ्या उशीवर येते. म्हणून तो मोबाइलच्या उजेडात, कपाटाचं दार इंचाइंचानं उघडत कपडे काढतो. चार वर्षं हे चाललंय. नव्या घरात त्याला घरी आल्यावर मोकळेपणानं वावरता यावं, एवढीच माझी इच्छा आहे.

इंटिरिअर करणाऱ्या ताईंनी स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत काढून सगळं मोकळं करायचं सुचवलंय. चित्रात फार सुंदर दिसतं. स्ट्रक्चरल इंजिनिअरनं येऊन पाहिलं. भिंत साडेचार इंची विटांची आहे, वजन बीम-कॉलमवर आहे, त्यामुळे पाडता येईल. पण मला धास्ती आवाजाची आहे. रात्री एकला भांडं पडलं किंवा पहाटे मिक्सर लावला, तर मध्ये अडवायला काहीच उरणार नाही. काचेचं सरकतं दार लावा असंही त्या म्हणाल्या, पण सरकत्या दाराच्या कडेला फट राहतेच आणि आवाज तिथूनच येतो.

माझ्या मनात वेगळंच आहे. भिंत राहू द्यावी आणि तो खर्च पॅसेजमध्ये करावा. दोघांची कपाटं बेडरूममधून काढून पॅसेजमध्ये न्यायची. संडास तिथेच आहे, पण न्हाणीघराचं दार बेडरूममध्ये उघडतं. ते बुजवून पॅसेजच्या बाजूनं नवं दार काढायचं, वर लिंटेल (दारावरच्या भिंतीचं वजन पेलणारी आडवी तुळई) टाकून. मग त्याला अंघोळ, कपडे, सगळं बेडरूममध्ये पाऊल न टाकता करता येईल. बेडरूमला पोकळ फ्लश दाराऐवजी भरीव दार, चौकटीला रबरी पट्टी. दुसरी बेडरूम माझ्या वर्गांसाठी.

काही गोष्टी ठरल्या आहेत. वायरिंग पूर्ण नवं, कारण जुन्या बोर्डांना अर्थिंगच नाही. आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरचा. पाइप लोखंडी आहेत. पहिल्या दिवशी नळ सोडला तर पांढऱ्या बादलीच्या तळाशी गंजाचा थर बसला, त्यामुळे तेही बदलणार. कंत्राटदार म्हणतो जुन्या लादीवरच नवी लादी बसवू, तोडफोड वाचेल. ते आम्ही मान्य केलं नाही. न्हाणीघराची जमीन उंबऱ्यापर्यंत येईल आणि जुनं वॉटरप्रूफिंग आहे तसंच खाली राहील. सगळं उखडून, नवं वॉटरप्रूफिंग करून, ४८ तास पाणी भरून ठेवायचं, खालच्या मजल्यावर जाऊन छत पाहायचं, मगच लादी.

ओट्याचं मात्र कोडं आहे. तो १७८ सेंटिमीटर, मी १५२. स्वयंपाक दोघंही करतो. कोपर दुमडून जमिनीपासून मोजलं तर त्याचं १११ भरलं, माझं ९५. ओटा कोपराच्या दहा-पंधरा सेंटिमीटर खाली असावा म्हणतात, म्हणजे त्याला शंभरच्या आसपास हवा आणि मला त्र्याऐंशी. नेहमीचा ८५ चा केला तर तो वाकून वाकून पाठ धरेल. शेगडीचा भाग माझ्या मापाचा आणि चिरायचा भाग त्याच्या मापाचा, असा दोन उंचींचा ओटा कुणी केलाय का? जोडावर पाणी साचतं का, पुसायला त्रास होतो का?

आणि मुख्य प्रश्न, ज्यांच्या घरी वेळा अशाच वेगळ्या आहेत त्यांना: स्वयंपाकघर मोकळं केल्यावर झोपेचं काय झालं? न्हाणीघराचं दार कुणी असं फिरवलंय का? बेडरूमकडचं पूर्ण बुजवलंत की दोन्ही ठेवलीत? दोन्ही ठेवली तर आतून दोन कड्या लावायच्या आणि निघताना दोन्ही उघडायच्या, हे रोज लक्षात राहतं का?