अनुभव धागा: मुंबईतलं घरचं गॅरेज आणि आपल्या लाडक्या गाड्या

मंडळी, मुंबईत घराला स्वतःचं, दार लावता येईल असं गॅरेज असणं आता दुर्मीळ झालंय. पार्ले, माटुंगा, चेंबूर, मुलुंडचे बंगले एकेक करून पुनर्विकासात गेले आणि त्यांच्या मागच्या अंगाची गॅरेजंही गेली. जी उरली त्यातल्या बऱ्याच ठिकाणी आता सायकली, कूलर आणि गणपतीच्या मखराचं सामान पडलेलं असतं. आमचंही तसंच होतं.

पार्ले पूर्वेला आमच्या घराचं गॅरेज चांगलं ऐसपैस आहे. दोन गाड्या उभ्या राहून वर कामाचं टेबल मावेल एवढं. सासऱ्यांची प्रीमियर पद्मिनी आत आहे आणि ती पुन्हा चालती करायची, तिच्या भोवती बसायची-उठायची जागा करायची, असं घरात सगळ्यांनी मिळून ठरवलंय. परदेशातले व्हिडिओ पाहून झाले. तिथे बर्फाची चिंता, इथे जूनपासून चार महिने ओल. म्हणून हा धागा. ज्यांनी मुंबईत असं गॅरेज उभं केलंय त्यांनी सविस्तर लिहा. सोफा कुठला आणि भिंतीला रंग कोणता हे नंतर. आधी फरशी, पाणी, वीज, हवा यांचं सांगा.

हिंदू कॉलनी, दादर

मग मी फरशीपासूनच सुरू करतो. सगळे आधी एपॉक्सीचा (फरशीवर ओतून वाळवायचा रेझिनचा लेप) चकचकीत थर मागतात. ताई, कंत्राटदार येण्याआधी एक साधी चाचणी घरीच करा. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लॅस्टिक कोब्यावर पसरा, चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा आणि दुसऱ्या दिवशी उचला. खालून थेंब जमले किंवा कोबा काळपट दिसला तर जमिनीतून ओल वर चढतेय. अशा कोब्यावर एपॉक्सी टिकत नाही, फोड येऊन पापुद्रे सुटतात. जुन्या बंगल्यांच्या गॅरेजात कोब्याखाली ओलरोधक थर नसतोच, कारण तेव्हा त्याची कोणाला गरज वाटली नाही.

आम्ही जुना कोबा पूर्ण फोडला. खाली डबर, त्यावर जाड प्लॅस्टिकचा थर, मग लोखंडी जाळी टाकून नवं काँक्रीट. ते नीट वाळू दिलं. घाई करणाऱ्या गवंड्याला मी सरळ सांगितलं की रंगाचं काम पावसाळ्याआधी झालं नाही तर दिवाळीनंतर करू, पण ओल्या काँक्रीटवर नाही.

आता पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा मुंबईकराला सांगावा लागत नाही. पण तेवढा पाऊस लागतच नाही. हिंदमाता आणि किंग्ज सर्कलला पाणी भरायला भरतीच्या वेळची एक जोरदार सर पुरते. म्हणून दाराशी जोतं उचलून बाहेरच्या बाजूला उतार दिला आणि पूर्ण रुंदीची जाळीदार नाली घेतली. दाराच्या दोन्ही बाजूंना लोखंडी चॅनेल बसवले. ऑरेंज अलर्ट आला की त्यात ॲल्युमिनियमच्या फळ्या सरकवायच्या, फळ्यांच्या खाली रबरी पट्टी. आणि आतला एकही प्लग पॉइंट कमरेच्या खाली नाही.

मुलुंड

लिफ्टबद्दल लिहितो, कारण प्रत्येक गाडीवेड्याच्या मनात ती असतेच.

दोन खांबांची लिफ्ट घ्यायची तर हिशेब सोपा आहे. गाडीची उंची अधिक तिच्याखाली सरळ उभा राहणारा माणूस. दीड मीटरची गाडी आणि पावणेदोन मीटरचा माणूस धरला तरी सव्वातीन मीटर झाले, वर थोडी मोकळी जागा हवीच. आपल्या जुन्या गॅरेजांची छतं साधारण नऊ-दहा फुटांची. तिथे ती लिफ्ट शोभेची वस्तू होईल. शिवाय खांब जमिनीत बोल्टने पकडलेले असतात, सगळा भार तिथे येतो. पातळ कोब्यात ते बोल्ट धरत नाहीत. लिफ्ट बनवणारा काँक्रीटची किती जाडी मागतो ते आधी वाचा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

आम्ही कात्री लिफ्ट घेतली, गाडी मीटरभर उचलते. स्टुलावर बसून ब्रेक, सस्पेन्शन, सायलेन्सर सगळं होतं. काम नसेल तेव्हा ती सपाट, वरून गाडी जाते.

खाली खड्डा करायचा विचार कुणी करत असेल तर माझं मत स्पष्ट नाही असं आहे. पूर्वी सगळ्या गॅरेजात असायचा, मान्य. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साचते आणि एका ठिणगीची वाट पाहते. वर आपल्याकडे पावसाळ्यात त्यात पाझर येतो.

लिफ्टच घेता येत नसेल तर चांगल्या घोड्या, म्हणजे गाडीखाली टेकवायचे लोखंडी स्टँड, घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, कधीही जायचं नाही.

खार

समुद्र जवळ आहे, त्यामुळे गंजाशी रोजचा सामना. वडिलांची फियाट ११०० आहे, ज्या पिढीला आपल्याकडे प्रेमाने डुक्कर फियाट म्हणतात ती. तिच्यासाठी केलेल्या गोष्टी सांगते.

गॅरेजमध्ये ओलावा शोषणारं यंत्र लावलं आणि भिंतीवर आर्द्रतामापक. पावसाळ्यात मुंबईची बाहेरची हवा ८०-९० टक्क्यांवर असते. आत ५० ते ५५ ठेवलं की पत्रा, क्रोम आणि सीटचं कापड, तिन्ही सुखात राहतात. पण त्यासाठी गॅरेज बंदिस्त हवं. शटरच्या फटींतून हवा येत असेल तर यंत्र रात्रंदिवस चालेल, वीजबिल वाढेल आणि आकडा हलणार नाही. आम्ही शटरच्या आत रबरी किनार असलेलं दुसरं दार बसवलं. यंत्राची नळी थेट बाहेरच्या मोरीत सोडली, नाहीतर बादली रिकामी करायची आठवण ठेवावी लागते.

प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका. आत घाम धरतो. सुती किंवा हवा खेळणारं कापड घ्या आणि ओली गाडी कधी झाकू नका.

आणखी एक, हे जुन्या गाडीवाल्या सगळ्यांसाठी. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि त्या काळच्या रबरी नळ्या, गाडीतल्या इंधन पंपाचा पडदा, कार्बोरेटरमधले वायसर यांना ते सोसत नाही. आम्ही सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या टाकल्या. गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवतो.

नोंदणीचं विचाराल म्हणून: ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राने वेगळी तरतूद केली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,००० आणि नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. रॅली, प्रदर्शन, देखभाल, इंधन भरणं यासाठी काढता येते.

चेंबूर

माझी मारुती ८००. आईने पहिल्या नोकरीच्या पैशांतून घेतलेली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं छोटं इंजिन, त्याचा आवाज ऐकला की मला शाळेची सकाळ आठवते.

सगळे गंजाबद्दल लिहितात, मी घुशींबद्दल लिहिते. चेंबूरला आमच्या मागे नाला आहे. एका पावसाळ्यात बॉनेट उघडलं तर एअर फिल्टरच्या डब्यावर चिंध्या, कागद, नारळाच्या शेंड्या यांचं नीट रचलेलं घरटं, आणि हेडलाइटची वायर तांब्यापर्यंत सोललेली. त्यानंतर गॅरेजची प्रत्येक भोक-फट शोधली. पाइप भिंतीतून जातो तिथे काचेचे तुकडे मिसळलेलं सिमेंट, हवेच्या झरोक्यांना बारीक लोखंडी जाळी, शटरच्या खाली ब्रशची किनार. प्लॅस्टिकची जाळी ते कुरतडतात, लावू नका. आणि गॅरेजमध्ये खाण्याचा एक कणही नको. गाडीभोवती बसून वडापाव खायची हौस मलाही आहे, पण आम्ही बाहेर अंगणात खातो.

दिव्यांसाठी एकच सूचना. छताच्या मध्ये एक मोठा दिवा लावला की बॉनेटमध्ये वाकताच आपलीच सावली पडते. गाडीच्या दोन्ही बाजूंना लांब एलईडी पट्ट्या हव्यात, उजेडाचा रंग ४००० ते ५००० केल्व्हिनच्या दरम्यान आणि सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वर. पत्र्यावरचा रंग, लांबी (पुट्टी) कुठे उठलीय, पॉलिशचे ओरखडे, सगळं तेव्हाच दिसतं.

गिरगाव

आमच्याकडे चाळीतली दीड खोली, गॅरेज कुठून असणार? मी १:२४ प्रमाणात बनवलंय. फोमबोर्डच्या भिंती, आइस्क्रीमच्या काड्यांचा माळा, शिंप्याकडच्या बटणांचे टायर. लोखंडी शटर सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदाचं, पेन्सिलीने रेघा दाबून. गाडीवेड्यांच्या धाग्यात याला जागा असावी असं मला मनापासून वाटतं. लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारातून आणलेल्या बारीक एलईडींनी आत उजेडही पडतो.

कुर्ला

गिरगावकर दादा, जागा आहेच तुम्हाला. फोटो टाका.

माझे वडील कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि एलबीएस मार्गावरच्या त्या कारखान्याच्या भोंग्यावर आमच्या वस्तीत घड्याळं लावली जायची. आज तिथे त्यातलं काही उरलेलं नाही. म्हणून माझ्या गॅरेजमध्ये मी तेच सगळं परत उभं केलंय. खाली गाडी, भोवती तिचा काळ.

गाडी पद्मिनी, १०८९ सीसी. स्टिअरिंगच्या दांडीवरचा गिअर. आजच्या मुलांना तो आधी दाखवावा लागतो, मग त्यांचे हात सुटत नाहीत. बसायला सोफा विकत घेतलेला नाही. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा मागचा अखंड सीट सीएसटी रोडच्या भंगारवाल्याकडून आणला, आतल्या स्प्रिंगा बदलल्या, खाली लोखंडी पाय वेल्ड केले. रेक्झिन जुन्याच पद्धतीचं, टाक्यांच्या ओळीसकट शिवून घेतलं. चोर बाजारातून टॅक्सीचं जुनं यांत्रिक मीटर मिळालं, गाडीच्या बाहेर डाव्या बाजूला असायचं ते. त्याचा झेंडा खाली केला की आतून ‘टिंग’ होतं आणि चक्र फिरायला लागतं. पितळी दातेरी चाकं मी रॉकेलमध्ये भिजवून, दात घासायच्या ब्रशने एकेक साफ केली. दोन दात झिजले होते, ते काम एका घड्याळजीने केलं.

२९ ऑक्टोबर २००३ ला मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी झाली होती, आणि टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या रस्त्यावरून कायमच्या गेल्या. त्या दिवशी वडील गॅरेजमध्ये येऊन बराच वेळ मीटरपाशी बसले होते. वडिलांबरोबर काम केलेले काही काका अजून येतात. कुठला बोल्ट कारखान्याच्या कुठल्या शॉपमध्ये (विभागात) बसायचा हे ते डोळे मिटून सांगतात. मी ते वहीत उतरवून ठेवतोय. पार्ल्याच्या ताई, तुमच्या पद्मिनीचं काम सुरू कराल तेव्हा कळवा, दोघे काका नक्की येतील.

अंधेरी

सोसायटीत राहणाऱ्यांसाठी. ‘माझं गॅरेज’ म्हणण्याआधी कागद बघा. रेरा कायद्यात (घरबांधणी व्यवसायावर नियंत्रण ठेवणारा कायदा) गॅरेज म्हणजे छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली जागा. स्टिल्टखालची, म्हणजे इमारतीच्या तळाशी खांबांमधल्या उघड्या जागेतली, रंगवलेली चौकट म्हणजे गॅरेज नव्हे. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्टिल्ट पार्किंग वेगळं विकता येत नाही असं सांगितलंय. तिथे भिंत, कपाट, कॉम्प्रेसर काहीही बसवायचं तर आधी सोसायटीशी बोला. बंगलेवाल्यांनीही माळा किंवा बाथरूम काढायचं असेल तर पालिकेची परवानगी आधी घ्यावी.

बोरिवली

हवेबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून मी. बंद गॅरेजात इंजिन चालू करून ट्यूनिंग करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. शटर उघडं, सायलेन्सरला जोडलेली नळी बाहेर, आणि एक कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म भिंतीवर. झरोके दोन ठिकाणी हवेत: जमिनीलगत, कारण पेट्रोलची वाफ खाली बसते, आणि छताजवळ, कारण बॅटरी चार्ज होताना निघणारा हायड्रोजन वर जातो. ओलावा शोषणारं यंत्र लावणाऱ्यांनी झरोक्यांना बंद करता येणारी झडप लावावी. काम करताना उघडी, गाडी नुसती उभी असताना बंद. दाराजवळ ड्राय पावडरचं अग्निशामक, आणि गॅरेजच्या सर्किटला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळतीचा करंट जाणवताच वीज तोडणारा स्विच. ओल्या पायाने ग्राइंडर धरणारे आपल्यात बरेच आहेत.

आमच्याकडे रविवारी संध्याकाळी आळीतली मुलं-मुली येतात. टायर बदलणं, प्लग साफ करणं, ऑइलची पातळी बघणं. हत्यारांची भिंत त्यांच्यासाठीच केली, प्रत्येक पान्याची आकृती मागे रंगवलेली, म्हणजे काय परत आलं नाही ते लगेच दिसतं. पार्ल्याच्या ताई, त्या भिंतीला हार्डबोर्ड घेऊ नका, आपल्या हवेत फुगतो. १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय घ्या आणि मागे भिंतीपासून इंचभर मोकळी जागा सोडा. हत्यारं नागदेवी स्ट्रीटला बघा. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारी सकाळी लवकर जा आणि मशीद बंदर स्टेशनवरून चालत या.