नवीन ट्रक ड्रायव्हरने डॅशकॅम बसवावा का? शेठ नको म्हणतोय

फलटणचा_गडी
नमस्कार मंडळी. हेवीचं लायसन नुकतंच हातात आलंय, त्याआधी पिकअप चालवायचो. आता गावातल्याच एका शेठची सहा टायर आयशर मिळालीय. डाळिंब नायतर भाजी भरून संध्याकाळी निघायचं, लोणंद, शिरवळ, कात्रजचा नवा बोगदा, मग एक्स्प्रेसवे, आणि पहाटेच्या आत वाशी मार्केटला लागायचं. रात्रीचं काम आहे आणि मी नवीन, म्हणून पहिल्या पगारातून स्वतःच्या पैशाने डॅशकॅम, म्हणजे काचेवर बसवून समोरचा रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा, घ्यायचा विचार आहे. शेठ म्हणतो विमा आहे की, कशाला खर्च करतो. मार्केटमधला एक जुना ड्रायव्हर तर म्हणाला की कॅमेरा लावलास तर उद्या तुझ्याविरुद्धच पुरावा होईल. तेव्हापासून डोकं चालेना. खरंच उपयोग होतो का? आणि घ्यायचा तर कारवाल्यांचाच घ्यायचा की ट्रकचा वेगळा येतो?

नाशिक_चौदा_टायर
भावा, बिनधास्त घे. शेठचा विमा नुकसानभरपाई देतो, एफआयआर मात्र ड्रायव्हरच्या नावावर होते. गाडी शेठची आणि केस तुझी, एवढं एक लक्षात ठेवलंस की खर्च कोणासाठी करायचा ते कळेल. आपल्याकडे अपघात झाला की लोक आधी बघतात मोठी गाडी कुठली, चूक कोणाची हे नंतर, ते पण कोणी विचारलं तर.

मी स्वतः मालक आणि ड्रायव्हर दोन्ही आहे. मागे भिवंडी बायपासला एका कारवाल्याने डावीकडून घुसून माझ्यापुढे कचकन ब्रेक मारला, त्याचा मागचा बंपर गेला आणि उतरून पैसे मागायला लागला, पाच मिनिटात त्याच्या बाजूने दहा माणसं उभी. मोबाईलवर व्हिडिओ लावून दाखवला तर माणसं आपोआप पांगली आणि तो पण गाडीत बसून निघून गेला. कॅमेरा नसता तर त्या रात्री खिसा रिकामा करूनच सुटलो असतो.

आता घेताना काय बघायचं. मोठ्या ट्रकची लाईन बहुतेक २४ व्होल्ट असते, कारची १२. त्यामुळे १२ ते २४ दोन्ही चालणारा घे, नायतर पहिल्याच दिवशी जळेल. आत बॅटरीऐवजी कपॅसिटरवाला असेल तर उत्तम, कारण मे महिन्यात दुपारी गाडी उन्हात उभी असते तेव्हा काचेजवळ काय तापतं ते तुला कळेलच, बॅटरीवाले फुगतात. मेमरी कार्ड साधं मोबाईलचं नको, सतत रेकॉर्डिंगसाठी येतं ते हाय एन्ड्युरन्सवालं घे, साधं कार्ड काही महिन्यात मरतं आणि आपल्याला पत्ताच लागत नाही. कॅमेरा काचेवर नजरेच्या आड येणार नाही असा लाव, आणि समोरचे हार, लिंबू-मिरची जरा बाजूला घे, नायतर व्हिडिओत तेवढंच हलताना दिसेल.

कराडचे_काका
पोरा, मी विरोध करत नाही पण एक सांगू दे. कॅमेरा फक्त समोरचं बघतो. नवीन ड्रायव्हरच्या हातून जे होतं ते बहुतेक डाव्या बाजूला होतं. लोणंद, शिरवळ भागात दुचाकीवाला डावीकडून कधी येऊन चिकटला ते उंच केबिनमधून दिसतच नाही, वळताना मागचं चाक आत येतं आणि तो त्यात सापडतो. म्हणून आधी डावीकडचे आरसे बघ. लांबचा, फुगीर आणि खालचं दाखवणारा, तिन्ही धड पाहिजेत. एक जरी फुटका असेल तर शेठला सांग, तो बदलल्याशिवाय गाडी हलवू नको. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर ते आरशाला घाल.

दुसरं, नव्या बोगद्यातून बाहेर पडलास की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकमुळे गाड्यांचा कसा ढीग लागला होता ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. डिझेल वाचवायला तिथे न्यूट्रल करणारे अजून आहेत आणि इंजिन बंद करणारे पण. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो, इंजिन बंद झालं की कॉम्प्रेसर हवा भरत नाही, आणि सारखा ब्रेक दाबला की हवा संपते. बोगद्यातच खालच्या गिअरला ये आणि तसाच उतर, मागचा कितीबी हॉर्न मारू दे.

कॅमेऱ्याचा मला दिसणारा खरा फायदा वेगळाच आहे. सुट्टीच्या दिवशी कोणातरी जुन्या माणसाबरोबर बसून आपलंच रेकॉर्डिंग बघ. पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवतोस, लेन कधी सोडतोस, सगळं दिसतं. आमच्या वेळी उस्ताद शेजारी बसून टपली मारायचा, आता एकट्यालाच गाडी देतात.

क्लेमचं_काम_सातारा
वकिलांच्या ऑफिसात मोटार अपघाताच्या केसेसची कागदपत्रं बघतो, त्यामुळे तुझ्या पुराव्याच्या प्रश्नावर बोलतो. हो, व्हिडिओ तुझ्याविरुद्धही जाऊ शकतो. जीपीएसवाला असेल तर स्पीड पण त्यात छापून येतो. पण नीट चालवणाऱ्याला कॅमेरा नसण्याचा तोटा जास्त आहे, कारण कॅमेरा नसेल तर उरतात फक्त साक्षीदार, आणि ते त्याच गावचे असतात.

अपघातानंतरचं मात्र पाठ करून ठेव. कार्ड भरलं की कॅमेरा जुन्यावर नवीन रेकॉर्ड करत जातो, धक्क्याने फाईल लॉक होते म्हणतात पण त्यावर विसंबू नको, जमेल तेवढ्या लवकर कॅमेरा बंद करून कार्ड काढून ठेव. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली क्लिप दाबली जाते, तिला मूळ फाईलची किंमत नसते. कार्डातलं काही पुसायचं नाही, अगदी आपल्या विरोधात असलं तरी, तो वेगळा गुन्हा होतो. पोलिसांनी कार्ड मागितलं तर द्यायचं, फक्त पंचनाम्यात नोंद करून घ्यायची. कोर्टात दाखवताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, पूर्वीचं ६५ ब. एक भाग तुझ्या सहीचा, दुसरा तज्ज्ञाच्या, ते वकील बघेल. तुझं काम एवढंच की कॅमेऱ्यातली तारीख-वेळ बरोबर ठेवायची. स्वस्तातले कॅमेरे करंट गेला की जुन्या तारखेवर जातात आणि मग समोरचा वकील तेवढ्यावरच अडून बसतो.

आणि पळून जायचं नाही. जखमीला दवाखान्यात नेणं आणि पोलिसांना कळवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये ड्रायव्हरवर बंधनकारक आहे. जमाव मारायला उठला तर जखमीपाशी थांबणं शक्य नसतं, हे त्याच कलमात मान्य केलंय. अशा वेळी सरळ जवळचं पोलीस स्टेशन गाठायचं किंवा ११२ ला फोन करायचा. जानेवारी २०२४ चा ड्रायव्हरांचा संप अपघातानंतर न कळवता पळून जाण्याच्या ज्या दहा वर्षांच्या शिक्षेवरून झाला ते भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ चं दुसरं उपकलम १ जुलै २०२४ ला बाकी कायदा लागू झाला तेव्हा बाजूला ठेवलं होतं, पण पहिल्या उपकलमात निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहेच.

ट्रेलरवाल्याची_बायको
माझे मिस्टर ट्रेलरवर आहेत म्हणून लिहिते. कॅमेरा घेतलात तर माईक बंद ठेवा भाऊ. रात्री घरी बोलणं होतं ते सगळं त्यात भरतं आणि उद्या कार्ड दहा जणांच्या हातात जातं. आणि मालकाने केबिनमध्ये तोंडासमोरचा कॅमेरा लावायचं काढलं तर आधीच स्पष्ट विचारा की गाडी उभी असताना तो बंद राहणार का. ड्रायव्हर तिथेच झोपतो, तिथेच कपडे बदलतो. गाडी चालताना डुलकी लागली तर वाजणारा असेल तर चांगलंच आहे, आम्हाला घरी पण झोप लागेल, पण झोपलेल्या माणसाचं चित्रण कशाला पाहिजे?

फलटणचा_गडी
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, आज जाऊन बघितलं, खालचं दाखवणारा डावा आरसा खरंच तडकलेला आहे, शेठला सांगितलं, उद्या बसवतो म्हणाला. कॅमेरा पुढच्या महिन्यात. एकच राहिलं, वाशीला माल उतरेपर्यंत गाडी तासन्तास उभी असते, डिझेल चोरीची भीती आहे, तर पार्किंग मोड, म्हणजे गाडी बंद असताना पण कॅमेरा चालू राहतो तो, चालू ठेवला तर बॅटरी उतरेल का?

नाशिक_चौदा_टायर
उतरू शकते. हार्डवायर किट, म्हणजे कॅमेरा थेट गाडीच्या लाईनला जोडायची वायर, घे, त्यात व्होल्टेज खाली गेलं की कॅमेरा आपोआप बंद होतो, कट-ऑफ तुझ्या गाडीच्या व्होल्टच्या सेटिंगला आहे का तेवढं बसवणाऱ्याला विचार. शेठची गाडी ज्या इलेक्ट्रिशियनकडे जाते त्याच्याकडूनच फ्यूजमधून लाईन घे, कुठली वायर सोलून जोडू देऊ नको. आणि टाकी मागे असते, पुढच्या कॅमेऱ्यात ती येत नाही, त्यासाठी कुलूपवालं झाकण आणि आत जाळी बसव.