मदत हवी आहे : स्पर्धेचा टॅन पुढच्या रविवारपर्यंत टिकवायचा कसा?

धाकटा भाऊ मेन्स फिजिकला (बॉडीबिल्डिंगचाच एक गट) उतरतोय. या शनिवारी एक स्पर्धा, पुढच्या रविवारी दुसरी. स्प्रे टॅन (स्टेजसाठी अंगावर फवारतात तो तपकिरी रंग) स्वस्त नाही, त्यामुळे एकाच खर्चात दोन्ही भागल्या तर बरं. मागच्या खेपेला काखा आणि कोपराच्या खोबणी लगेच चट्ट्याचट्ट्यांनी उडाल्या, मान तर मळल्यासारखी दिसायला लागली. आई उटणं घेऊनच बसली होती. आधी आणि नंतर त्वचेची काय निगा राखायची? घाम भरपूर येतो. ('सावळाच आहे, टॅन कशाला' हे नातेवाइकांकडून ऐकून झालंय, ते सोडून सांगा.)

जिमवाली_ताई : तोच टॅन दुसऱ्या स्टेजवर चालणार नाही, आधीच सांगते. त्यातलं डीएचए (रंग आणणारं रसायन) त्वचेच्या सगळ्यात वरच्या मृत थरातल्या अमिनो आम्लांशी मिळून तपकिरी होतं. पोळी खरपूस होते तशीच ही क्रिया. थर झडला की रंग गेला, साधारण 5 ते 7 दिवसांत. तो एकसारखा उतरावा एवढंच आपल्या हातात.

वॅक्स दोन दिवस आधी उरका, दाढी-शेव्हिंग आदल्या दिवशी. स्क्रब बिनतेलाचा घ्या. टॅनच्या दिवशी डिओ, अत्तर, क्रीम काही नको. फक्त कोपर, गुडघे, घोट्यांना किंचित क्रीम, तिथली कोरडी कातडी रंग जास्त पिते. नंतर सैल, गडद कपडे आणि अंथरायला जुनी चादर. स्पर्धा झाली की कोमट पाणी, अंग टिपायचं, घासायचं नाही. रोज दोनदा साधं मॉइश्चरायझर, पण युरिया, लॅक्टिक किंवा ग्लायकोलिक ॲसिडवालं नको, त्याने कातडी लवकर सुटते. स्विमिंग पूलही बंद.

बुधवारपासून मात्र उलटं करा: तेल चोळा, मग गरम पाण्याने आंघोळ आणि स्क्रब. आईचं उटणं तेव्हा कामाला येईल. उरलेल्या चट्ट्यांवर नवा रंग मारला तर अंग चितकबरं दिसतं. दुसऱ्या टॅनचे पैसे बाजूला काढाच.

पनवेलकर : स्प्रे मारताना डोळे, ओठ, नाक झाकून घ्या. अमेरिकेच्या एफडीएची (तिथली अन्न-औषध नियामक संस्था) डीएचएला परवानगी फक्त बाहेरून लावण्यापुरती आहे, श्वासातून आत जाऊ द्यायचं नाही. आणि टॅन म्हणजे सनस्क्रीन नव्हे, उन्हात जाताना ते वेगळं लावायचं.

धागाकर्ता : पैशांचं बघतो. पण पंप मारताना (स्टेजवर जायच्या आधी व्यायाम करून स्नायू फुगवताना) तपकिरी ओघळ येतात त्याचं काय?

जिमवाली_ताई : तो वरचा ब्राँझर, म्हणजे नुसता वरून बसलेला, धुऊन जाणारा रंग. किचन टिश्यू नुसता दाबून धरायचा, ओढायचा नाही. पाठीसाठी तुम्ही मागे उभे राहा, त्याला स्वतःला जमणार नाही.