मदत हवी आहे: मूठ वळते, पण पडद्याची गाठ बसत नाही

तारमिरज
वडील मिरजेत सतारीची कामे करतात. त्यांना मूठ वळता येते, एकेक बोट सुटे हलवता येते, पेलाही नीट धरता येतो. मात्र दांडीवर पडदा, म्हणजे सुराची धातूची आडवी पट्टी, ठेवून दोरा गुंडाळायला घेतला की दोन वेढ्यांनंतर बोटे गोंधळतात आणि अंगठ्याखाली दाबलेला दोरा सुटतो. ताकद चांगली आहे, असे डॉक्टर म्हणतात. मग तीच बोटे गाठीपाशी का अडतात? घरी काय करून घ्यावे, ते कृपया लवकर सांगावे.

कृष्णाकाठ
कोणता हात, कधीपासून आणि मुळात झाले काय, हे आपण लिहिलेले नाही. माझ्या आईची मनगटात नस दाबली गेली होती, तेव्हा तिलाही हूक लावता येत नसत. आधी मनगट तपासून घ्या.

तारमिरज
श्रावणात पक्षाघात झाला, उजवा हात. घरात सर्वांना ठाऊक असल्याने लिहायचे राहिले. मुंग्या येत नाहीत.

हळदपेठ
रबरी चेंडू दाबायला द्यावा आणि बोटांना रोज कोमट तेल चोळावे. माझे चुलते त्यानेच सावरले.

अजिंक्यतारा
मी साताऱ्यात फिजिओथेरपी करते. चेंडूने पकड सुधारेल, पण इथे पकड शाबूत आहे. शिवाय बोटे वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसून कोपराखालच्या हातात असतात. एक बोट वाकवण्याची आज्ञा मुख्यतः मेंदूच्या विरुद्ध बाजूच्या कारक, म्हणजे हालचाल घडवणाऱ्या, पट्ट्यातून निघते. हालचालींची साखळी गुंफायची असली की त्या पट्ट्याच्या पुढचे पूरक कारक क्षेत्रही कामाला लागते, आणि वेळ साधायला लघुमेंदू हवा असतो. 1980 साली रोलंड आणि सहकाऱ्यांनी मेंदूतील रक्तप्रवाह मोजला, तेव्हा बोटांचा ठरावीक क्रम प्रत्यक्ष न करता नुसता मनात म्हटला, तरी या पूरक क्षेत्रातला प्रवाह वाढलेला दिसला. म्हणून गाठीचे तुकडे पाडून सराव घ्या, आणि प्रत्येक तुकडा हाताने करण्याआधी डोळे मिटून मनात करायला सांगा.

हळदपेठ
तेलाने अपाय तर होत नाही ना?

अजिंक्यतारा
अपाय नाही, पण तेल चोळून क्रम परत येत नाही.

सांगलीकर७
पडदे बांधून देणारे तरुण कारागीर मिरजेत पुष्कळ आहेत. काम त्यांच्याकडे सोपवावे.

तारमिरज
पडदे कोण बांधणार, हा माझा प्रश्नच नाही. वडिलांना ते स्वतः बांधायचे आहेत, आणि जमत नाही म्हणून ते दुकानाची पायरीही टाळू लागले आहेत.

अजिंक्यतारा, आपण सांगितल्याप्रमाणे आज त्यांना डोळे मिटून गाठ सांगायला लावली. तिसऱ्या वेढ्यापाशी ते बराच वेळ थांबले आणि मग म्हणाले, "इथं दोरा खालून घ्यायचा." हात अडतो तोही नेमका तिथेच. सराव एवढ्याच तुकड्याचा धरावा, की पहिल्या वेढ्यापासून?

अजिंक्यतारा
दुसऱ्या वेढ्यापासून धरा, म्हणजे जमणाऱ्या हालचालीतून अडणाऱ्या हालचालीत शिरण्याचा सराव होईल. जाड सुतळीने सुरुवात करा, आणि बोटे थकण्याआधी थांबवा.