मारियानो रिवेरा खरंच एकाच बॉलवर एवढा मोठा झाला का?

तापीकाठ_चोपडा
माझा भाचा अकरावीला आहे, शाळेत सॉफ्टबॉल खेळायचा, आता बेसबॉलमध्ये पिचिंग करतो, म्हणजे बॅटरला बॉल टाकतो. रात्रंदिवस त्या रिवेराचे व्हिडिओ बघतो अन् म्हणतो, मामा हा माणूस आयुष्यभर एकच बॉल टाकत होता, मग मी कशाला चार प्रकार शिकू? मला क्रिकेट कळतं, बेसबॉल नाही. समोरच्याला माहीत आहे कोणता बॉल येणार तरी तो आउट कसा होतो? अन् हा रिवेरा, पनामातल्या मच्छीमाराचा पोरगा, न्यूयॉर्कच्या यांकीज टीमपर्यंत पोचला तरी कसा? कोणी नीट सांगा भो.

भुसावळकर
भाऊ, भाचा बराचसा बरोबर आहे. त्या बॉलला कटर म्हणतात. पकड साध्या फास्टबॉलचीच, फक्त मधल्या बोटाचा दाब जरा जास्त, त्यामुळे बॉल सरळ येतोय असं वाटतं अन् अगदी शेवटी वळतो. रिवेरा उजव्या हाताचा, म्हणजे डावखुऱ्या बॅटरच्या अंगात घुसायचा, बॉल बॅटच्या दांड्याजवळ लागायचा अन् कित्येकांच्या बॅटा तुटायच्या. माहीत असून उपयोग नाही, कारण वळण दिसेपर्यंत बॅट फिरलेली असते.

पण त्याला हे सांगा की कटर त्याला १९९७ ला सापडला, मेंडोझा नावाच्या सहकाऱ्यासोबत नुसती फेकाफेक करताना. त्याआधी काय झालं ते व्हिडिओत येत नाही. पुएर्तो काइमितो गावात बापाच्या बोटीवर काम, पुठ्ठ्याचे ग्लोव्ह करून खेळणं, टीममध्ये तर तो शॉर्टस्टॉप, म्हणजे फिल्डर होता, पिचर नव्हताच, एक दिवस पिचरला मार पडत होता म्हणून हा उभा राहिला. १९९० मध्ये यांकीजनी घेतलं, वय २०, पैसे दोन-तीन हजार डॉलर. १९९२ ला कोपराचं ऑपरेशन. १९९५ ला यांकीजच्या मुख्य टीममध्ये आला तर सुरुवातीचा पिचर म्हणून मार खाल्ला अन् परत खाली पाठवला. मग शेवटची इनिंग (बेसबॉलमध्ये ती तीन आउटचीच) सांभाळणारा, म्हणजे क्लोजर झाला. तीन किंवा कमी रनांची आघाडी टिकवून मॅच संपवली की सेव्ह, असे त्याचे ६५२, आजवर कोणाचे एवढे नाहीत. एक इनिंग टाकायची असल्यावर एक बॉल पुरतो, सुरुवातीच्या पिचरला तेच बॅटर तीन-तीनदा भेटतात, त्याला नाही पुरत.

अमळनेरची_ताई
२००१ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची फायनल, पण दाखवा त्याला. सातवी मॅच, आघाडी हातात, बॉल रिवेराच्या हातात, अन् ॲरिझोना जिंकलं. मला तो माणूस आवडतो तो त्यानंतरच्या १२ वर्षांमुळे. २०१२ ला गुडघा फाटला, वय ४२, तरी २०१३ ला परत येऊन खेळूनच निवृत्त झाला. २०१९ ला हॉल ऑफ फेमच्या (बेसबॉलमधल्या महान खेळाडूंचा सन्मान) मतदानात ४२५ पैकी ४२५ मतं, असं एकमताने निवडलेला तो पहिलाच.

अन् आपला रिंकू सिंग पण सांगा, क्रिकेटवाला नाही, बेसबॉलवाला. उत्तर प्रदेशातला भालाफेकवाला, दिनेश पटेलसोबत २००८ ला पिट्सबर्गच्या बेसबॉल टीमनी करार केला, मेजर लीगपर्यंत, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या स्पर्धेपर्यंत, नाही पोचला, त्याचाही कोपर गेला. दादा, भाच्याचा कोपर दुखतो का कधी?

तापीकाठ_चोपडा
ताई, दुखतो. महिनाभर झाला, बर्फ लावतो अन् परत फेकतो, आईला सांगू नको म्हणतो.

भुसावळकर
मग कटर बिटर राहू द्या, आजपासून फेकणं बंद. हाडाच्या डॉक्टरला दाखवा, या वयात कोपराची वाढ चालू असू शकते.

तापीकाठ_चोपडा
शनिवारी जळगावला घेऊन जातो. त्याच्या आईशी मी बोलतो.