पोर्टो शहरात पाच दिवस निवांत राहायचे आहे: चढ, खाणे आणि पोर्ट वाइन यांचा मेळ कसा घालावा?

ओसरी:
सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी, माझे पती आणि माझी आई असे तिघे पोर्तुगालमधील पोर्टो शहरात पाच दिवस राहणार आहोत. याआधीच्या दोन सहली आम्ही यादी हातात घेऊन उरकल्या. परत आलो तेव्हा छायाचित्रे भरपूर होती, पण एखाद्या जागी तासभर शांत बसल्याची आठवण मात्र नव्हती. म्हणून या वेळी एकच शहर, एकच मुक्काम आणि दिवसाला फार तर दोन ठिकाणे असे ठरवले आहे.

माझ्या शंका अशा आहेत. आईचे वय ६८ असून तिला गुडघ्यांचा त्रास आहे, आणि पोर्टोमध्ये सगळीकडे चढउतार व पायऱ्या आहेत असे वाचले. तिला न दमवता नदीकाठ आणि वरचे शहर दोन्ही कसे पाहता येईल? आम्हा दोघांना पोर्ट वाइनची चव समजून घ्यायची आहे, पण त्यातले काहीच कळत नाही. ही वाइन मुरवण्याची किती कोठारे पाहावीत आणि सुरुवात कशाने करावी? आई मद्य घेत नाही आणि ती शाकाहारी आहे, तर तिचे हाल होतील का? आणि दोउरू नदीच्या खोऱ्यातील द्राक्षमळ्यांसाठी पाचातला एक पूर्ण दिवस द्यावा का?

पायवाट:
चढांबद्दल वाचले ते खरे आहे, पण थोडी आखणी केली तर ते टाळताही येतात. दोउरू नदीवरचा दों लुईस पूल दोन मजल्यांचा आहे. तो १८८६ साली खुला झाला आणि त्याचा आराखडा आयफेल यांचे एकेकाळचे भागीदार तेओफिल सेरिग यांनी केला. वरच्या मजल्यावरून मेट्रो आणि पादचारी जातात, तर खालचा मजला पाण्याजवळच्या दोन्ही काठांना जोडतो. ही रचना तुमच्या फार उपयोगाची आहे. बातालिया चौकाच्या बाजूने निघून वरच्या मजल्यावरून सावकाश पलीकडे चालत जा. तेथे मोरू उद्यान लागते. तिथून केबल कार सरळ पलीकडच्या काठावरील गाया शहराच्या धक्क्यावर उतरवते आणि वाइनची कोठारे त्याच भागात आहेत. परत येताना खालच्या मजल्यावरून पोर्टोच्या बाजूच्या रिबेरा भागाच्या काठावर या आणि पुलाच्या पायथ्याशी असलेल्या गिंदाइश फ्युनिक्युलरने (चढावर दोरखंडाने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेने) पुन्हा बातालियाला चढा. या संपूर्ण फेरीत खडा चढ जवळजवळ लागत नाही. केबल कार आणि फ्युनिक्युलर त्या दिवशी सुरू आहेत ना, एवढे सकाळी पाहून घ्यावे.

ही फेरी एका दिवसात संपवण्याची घाई करू नका. केवळ साओ बेंतू स्थानकाच्या दालनासाठी अर्धा तास ठेवा. जॉर्ज कोलासू यांनी रंगवलेल्या सुमारे २० हजार टाइल्समध्ये पोर्तुगालच्या इतिहासातील प्रसंग आहेत, आणि गाडी पकडायची नसलेल्या माणसालाच ते नीट दिसतात. क्लेरिगुश मनोऱ्याच्या दोनशेहून अधिक पायऱ्या आईंनी टाळाव्यात. तुम्ही दोघे वर जाऊन येईपर्यंत त्यांना जवळच्या कार्मू चर्चची निळ्या टाइल्सची बाहेरची भिंत समोरच्या बाकावर बसून पाहता येईल. समुद्र पाहायचा असल्यास ५०० क्रमांकाची बस नदीच्या काठाकाठाने फोझपर्यंत जाते.

द्राक्षवेल:
पोर्टबद्दल माझे स्पष्ट मत असे की पाच दिवसांत दोन कोठारे पुरेत, आणि तीही वेगवेगळ्या दिवशी. ही वाइन साधारण २० टक्के मद्यार्काची असते, म्हणजे जेवणाबरोबरच्या नेहमीच्या वाइनच्या जवळजवळ दीडपट. द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षांपासून केलेले कडक मद्य घालतात. त्यामुळे आंबण्याची क्रिया थांबते, उरलेली साखर तशीच राहते आणि वाइन गोड व कडक होते. गोडव्यामुळे तिचा कडकपणा लगेच जाणवत नाही. एका दुपारी तीन कोठारे फिरणाऱ्यांना तिसऱ्या ठिकाणची चव आठवत नाही. पहिल्या भेटीत मीही तीच चूक केली.

पहिल्या दिवशी माहितीसह कोठार दाखवणारी फेरी घ्या आणि शेवटी एक पांढरी, एक रूबी आणि एक दहा वर्षांची टॉनी, याच क्रमाने मागा. रूबी मोठ्या टाक्यांत हवेपासून जपलेली असते, म्हणून ती गडद राहते आणि तिला ताज्या फळांची चव असते. टॉनी लहान पिंपांत वर्षानुवर्षे हवेच्या संपर्कात मुरते. तिचा लाल रंग उतरून तपकिरी होतो आणि अक्रोड व कॅरामलची आठवण करून देणारी चव येते. हा फरक जिभेला एकदा कळला की नंतरच्या एखाद्या दिवशी दुसऱ्या कोठारात फक्त टॉनीच, दहा आणि वीस वर्षांची शेजारी ठेवून, चाखा. बाटलीवरचा वर्षांचा आकडा एकाच वर्षाच्या वाइनचा नसतो, अनेक वर्षांच्या वाइन मिसळून ती घडवलेली असते. घोटांमध्ये पाणी प्या. चव घेऊन वाइन भांड्यात थुंकणे तेथे असभ्य मानले जात नाही, ती चाखण्याची रीतच आहे.

आईंना फेरीत कंटाळा येणार नाही. मळे वर खोऱ्यात असताना वाइन गायात का मुरवत, हा प्रश्न मार्गदर्शकाला त्यांनाच विचारू द्या. खोऱ्यातला उन्हाळा कडक असतो, तर समुद्राजवळच्या गायात हवा थंड आणि दमट असते. म्हणून राबेलू नावाच्या सपाट तळाच्या होड्यांतून पिंपे नदीमार्गे खाली येत. १९८६ पर्यंत तर पोर्टची निर्यात गायातूनच करण्याचे बंधन होते.

मीठभाकर:
चाखायला रिकाम्या पोटी जाऊ नका. दुपारचे जेवण आटोपून तीनच्या सुमारास कोठारात जाणे उत्तम. मात्र त्या जेवणात फ्रांसेझिन्या घेऊ नका. पावात मांसाचे थर, वर वितळलेले चीज आणि टोमॅटो व बिअरचा गरम रस्सा असा तो प्रकार इतका जड आहे की त्यानंतर जिभेला बारकावे कळत नाहीत. तो वेगळ्या दिवशी, दोघांत एक असा खावा.

आईंसाठी थोडे शब्द पाठ करून ठेवा. काल्दू वेर्दे हे हिरव्या पानांचे आणि बटाट्याचे सूप शाकाहारी वाटते, पण त्यात बहुधा सॉसेजची चकती असते; म्हणून मागवतानाच 'सेंय कार्नं', म्हणजे मांसाशिवाय, असे सांगावे आणि रश्शाबद्दलही विचारावे. भाज्यांचे साधे सूप, पाव, चीज, ऑलिव्ह आणि फळे यांची मात्र वाण पडत नाही. नूतनीकरणानंतर २०२२ मध्ये पुन्हा उघडलेल्या बोल्याउं मंडईत सकाळी गेलात तर त्या स्वतः पाहून निवडू शकतील. जेवणाआधी न मागता टेबलावर येणारे पाव आणि ऑलिव्ह खाल्ल्यास बिलात लागतात. नको असल्यास सुरुवातीलाच परत द्यावेत.

ओसरी:
पुलाची फेरी आणि दोन कोठारांचा सल्ला दोन्ही पटले. खोऱ्याचा प्रश्न तेवढा राहिला. पती आग्रही आहेत, मला दिवस गमावण्याची भीती वाटते.

पायवाट:
माझा कल न जाण्याकडे आहे. रेल्वेने खोऱ्यातील पिन्याउं या गावाला जायला साधारण अडीच तास लागतात, परत यायला तेवढेच. पाच निवांत दिवसांतला एक त्यामुळे घाईचा होतो.

द्राक्षवेल:
येथे माझा मतभेद आहे. ही रेल्वे नदीला इतकी बिलगून जाते की प्रवास हेच पाहणे ठरते, आणि बसून पाहण्यात आईंच्या गुडघ्यांना काही त्रास नाही. जाताना उजव्या बाजूच्या खिडक्या धरा, बराच काळ नदी त्याच बाजूला असते. या खोऱ्याची सीमा १७५६ साली कायद्याने आखली गेली आणि २००१ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत आले. सप्टेंबरमध्ये तेथे द्राक्षांची तोडणी असते आणि पिन्याउं स्थानकाच्या भिंतींवरील टाइल्समध्येही तीच तोडणी रंगवलेली आहे. तेथे पोहोचल्यावर होडीची फेरी, मळ्याची सहल असे काही जोडू नका. नदीकाठी जेवा, धक्क्यावर बसा आणि दुपारच्या गाडीने परत या. हा दिवस दोन कोठारांच्या मधे ठेवा, म्हणजे दुसऱ्या वेळी टॉनीचा प्याला हातात येईल तेव्हा तिचे मळे डोळ्यांसमोर असतील.